पाळी जाण्याचा काळ आणि आपली पिशवी



पोरीला पहिल्यांदा पाळी येते तेव्हा घरात सगळ्या बायांना कळतं. पूर्वी तर न्हाण आलं म्हणून तिला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, गोडधोड करायचे. पण पाळी शेवटची येते, तेव्हा? ती त्या बाईलासुद्धा कळत नाही. कारण ती शेवटची होती हे समजायला पुढं वर्ष जावं लागतं. डॉक्टरांचा हिशेबही तोच आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे पाळी गेली असं धरायचं. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं, काही जणींची आठ-दहा वर्षंही, पाळी मागंपुढं होत राहते. अंगातून वाफा येतात, रात्री झोप उडते, जीव घाबरा होतो, उगीच रडू येतं. या काळाला पुस्तकात रजोनिवृत्तीपूर्व काळ म्हणतात. आपल्या बोलीत त्याला धड नाव नाही. "वयाचं हाय ते," एवढंच म्हणून आपण मोकळं होतो.

आज मी या बिननावाच्या काळाचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण बाईच्या अंगाचाही इतिहास असतो. त्याबद्दल कोण काय बोललं, कुणी मोजलं, कुणी मोजायचं राहून गेलं, आणि त्याचा परिणाम आपल्या मराठवाड्यातल्या बायांच्या पोटावर कसा झाला, हे आपल्याला माहीत पाहिजे. कारण यातला शेवटचा भाग फार जुना नाही. तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे.

सुरुवात जुन्या काळापासून करू. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेत पाळीचं वय सांगितलेलं आहे. बाराव्या वर्षाच्या सुमाराला सुरू होते आणि पन्नाशीच्या सुमाराला, शरीर वयानं पिकलं की थांबते. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास आपल्याकडच्या वैद्यांना हा हिशेब ठाऊक होता, आणि तो त्यांनी वयाचा भाग म्हणून सांगितला. पिकलेलं फळ जसं आजारी नसतं, तसं.

गावातल्या बायकांनाही पाळी जाण्याचं दुःख फारसं वाटायचं नाही. का वाटावं? विटाळ गेला. देवघरात जायला मोकळीक, लोणच्याच्या बरणीला हात लावायला मोकळीक, वारीला जायचं तर तारखा मोजायची गरज नाही. चार माणसांत बसून दोन शब्द बोलायचा मान मिळाला. मार्शा फ्लिंट नावाच्या एका परदेशी संशोधक बाईंनी राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या ४८३ राजपूत बायकांना या काळाबद्दल विचारलं होतं. १९७५ साली त्यांनी लिहिलं, की या बायका पाळी मागंपुढं होण्यापलीकडं फारशी तक्रार करत नाहीत. उलट पडदा सुटतो, मान वाढतो, म्हणून त्यांना पाळी गेलेली बरी वाटते.

हे ऐकून बरं वाटतं. पण आपण बायका आहोत, आपल्याला एक गोष्ट लगेच खटकेल. तक्रार केली नाही म्हणजे त्रास नव्हता असं थोडंच आहे? आपल्या सासवा, आज्या कंबर दुखली तरी खुरपं खाली ठेवायच्या नाहीत. पुढं आपल्या देशात जे अभ्यास झाले, त्यांत वाफा येणं, सांधे दुखणं, थकवा, झोप न लागणं असे त्रास बायकांनी सांगितलेच. मान वाढणं खरं आणि त्रास होणंही खरं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या अंगात एकाच वेळी राहतात.

आता थोडं परदेशात जाऊन येऊ, कारण तिकडं जे झालं त्याची सावली आपल्यावर पडली. पाळी जाण्याला इंग्रजीत मेनोपॉज म्हणतात. हा शब्द गार्दान नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरानं १८२१ साली रूढ केला. गोष्टीला नाव मिळालं की तिच्यावर दवाखाना सुरू होतो. पुढं १९२९ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, वेगळं काढलं. बाईच्या अंडाशयात तयार होणारा हा रस पाळीही चालवतो आणि हाडंही सांभाळतो. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मुतापासून केलेली इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली. १९६६ साली तिथल्याच रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरानं पुस्तक लिहून सांगितलं, की पाळी जाणं म्हणजे एक कमतरतेचा रोग आहे आणि गोळी घेतली की बाई कायम तरुण राहते. लाखो बायकांनी गोळ्या घेतल्या.

मग २००२ साल उजाडलं. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर एक मोठी तपासणी चालू होती. त्यात दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, लकवा आणि रक्ताच्या गाठी यांचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणून ती तपासणी वेळेआधी थांबवली. जगभर घबराट झाली. नंतर सावकाश हिशेब केला तेव्हा ध्यानात आलं, की त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आज डॉक्टर असं सांगतात, की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि फार त्रास असलेल्या बाईला, तिची तब्येत नीट तपासून, हार्मोन देता येतात. प्रत्येकीला गरज नसते आणि प्रत्येकीला चालतही नाहीत.

हे सगळं तुम्हाला का सांगितलं? तिकडं दोनशे वर्षांत एकदा पाळी जाण्याला रोग ठरवलं, एकदा त्याच्या औषधालाच विष ठरवलं, आणि आता कुठं मध्यावर आले आहेत. आपल्याकडं मात्र याच काळात वेगळंच घडलं. आपल्याकडं कुणी बोललंच नाही.

बोलण्याची किंमत काय होती, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक सुरू केलं. संततिनियमन, शरीर, नवरा-बायकोचे प्रश्न यांवर ते उघड लिहायचे आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे. त्या लिखाणासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तरी कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. मुंबईत शिकलेल्या माणसाची ही गत, तर तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या खेड्यांत बाईनं अंगावरून जास्त जातंय हे कुणाला सांगायचं? सांगायला डॉक्टरीण तरी कुठं होती?

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. पुढं दवाखाने आले, सुईणींना प्रशिक्षण मिळालं, लेकरांना लसी मिळू लागल्या. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झालं, नांदेडला, लातूरला झालं. हे मोठं काम आहे, ते विसरायचं नाही. पण सरकारी आरोग्याच्या वहीत बाई दोनदाच दिसायची. एकदा बाळंतपणाला आणि एकदा कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला. आपल्याकडं लग्न लवकर, बाळंतपणं लवकर. बावीस-पंचवीस वर्षांची झाली की बाईचं ऑपरेशन उरकलं. त्यानंतर तिचं नाव वहीतून गेल्यासारखंच. पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतची वर्षं तिच्या पोटाचं काय चाललंय हे विचारायला दारात कुणी आलं नाही.

पहिल्यांदा कुणी नीट विचारलं ते गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. नुसतं बाळंतिणींना तपासलं नाही, तेरा वर्षांच्या पोरीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तपासलं. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निकाल छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना पाळीचा, गर्भाशयाचा किंवा त्या भागाचा कुठला ना कुठला आजार होता. आणि त्याआधी अशी तपासणी आणि उपचार मिळाले होते फक्त शंभरातल्या आठ जणींना. बाकीच्या अंगावरच काढत होत्या.

त्या आकड्यांनी जगाला जाग आली. १९९४ साली इजिप्तमधल्या कैरो शहरात लोकसंख्येवर जागतिक परिषद झाली. बाई म्हणजे नुसती आई नव्हे, तिच्या सगळ्या आयुष्याचं आरोग्य बघायला पाहिजे, असं तिथं ठरलं. आपल्या देशात १९९७ साली प्रजनन आणि बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून आपल्या आशाताई गावोगाव आल्या. तरीही आशाताईंचं मुख्य काम गरोदर बाई आणि लहान लेकरू यांच्याभोवतीच राहिलं. चाळीशीतली बाई पुन्हा मागंच पडली.

आणि जिथं सरकारी वही कोरी राहिली, तिथं दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते २०१९ साली बीड जिल्ह्यात उघडं पडलं.

ऊसतोड आपल्याला नवी नाही. आपला अहमदपूरचा डोंगरपट्टा, शेजारचे कंधार, मुखेड, जळकोट, इथूनही दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचा दंड. पहाटे उठून मोळ्या वाहायच्या, पाण्याची सोय नाही, संडास-न्हाणीची सोय नाही, आणि त्यातच पाळी. २०१९ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या, की बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशयं काढून टाकलेली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी तिशी-चाळिशीतल्या आहेत. जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न आला. आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागं एक.

आता दुसरा आकडा ऐका. २०१५-१६ साली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच देशभरातल्या बायकांना विचारलं, पिशवी काढली आहे का? १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात साधारण तीन जणींनी हो म्हटलं. दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या आहेत, तरी तीन कुठं आणि सतरा कुठं! आणि देशभरात ज्या बायकांनी पिशवी काढली होती, त्यांतल्या निम्म्या बायकांचं ऑपरेशन चौतिशीच्या आत झालेलं होतं. कारण विचारलं तर निम्म्याहून जास्त जणींनी एकच सांगितलं. अंगावरून फार जात होतं, पोटात दुखत होतं.

माय-बहिणींनो, इथं थांबून विचार करा. पाळी मागंपुढं होणं, अंगावरून जास्त जाणं, हे तर पाळी जाण्याच्या आधीच्या काळातलं नेहमीचं लक्षण आहे. आपल्या देशात पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीसच्या आसपास आहे. म्हणजे चाळिशीच्या आगंमागं हा गोंधळ सुरू होणारच. ज्या बाईला हे कुणी सांगितलंच नाही, ती घाबरून दवाखान्यात जाते. तिथं कुणी म्हणतं, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. लेकरं झालेली आहेत, पाळीची कटकट आहे, खाडा परवडत नाही. ती "काढा" म्हणते. सक्ती कुणी केली असं दाखवता येत नाही. पण माहितीशिवाय दिलेला होकार कितीसा आपला असतो?

हे फक्त बीडला झालं असंही नाही. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात, बिहारमध्ये, छत्तीसगडमध्ये असेच प्रकार उघडकीला आले होते. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ५ एप्रिल २०२३ ला न्यायालयानं निकाल दिला, की गरज नसताना गर्भाशय काढणं रोखण्यासाठी केंद्र सरकारनं केलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात. कायद्याच्या दारापर्यंत ही गोष्ट पोचायला दहा वर्षं लागली. आपल्या घराच्या दारापर्यंत ती आपणच आणायची आहे.

म्हणून आता अंगात नेमकं काय होतं ते समजून घेऊ.

पिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशयं असतात. दर महिन्याला त्यातून एक बीज सुटतं. पिशवीच्या आत रक्ताचं अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर गळून पडतं, ती पाळी. वय वाढलं की काही महिने बीज सुटतच नाही. मग अस्तर आवरणारं दुसरं हार्मोन तयार होत नाही. अस्तर वाढत राहतं, आणि एकदम गळतं. म्हणून दोन महिने पाळी नाही, आणि मग आली की थांबता थांबत नाही. आपल्या परतीच्या पावसासारखं आहे हे. जाताना खंड पडतो, आणि मधूनच ढगफुटीसारखा कोसळतो. पाऊस जातोय म्हणून तसं होतं.

इस्ट्रोजेन कमी-जास्त झालं की डोक्यातलं ताप-थंडी सांभाळणारं केंद्र गडबडतं. म्हणून छातीतून तोंडाकडं वाफ चढल्यासारखं होतं, घाम फुटतो, मग थंडी वाजते. रात्री तसं झालं की झोप मोडते. झोप मोडली की दिवसभर चिडचिड. खालची जागा कोरडी पडते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब येतात. यातलं काहीही लाजेचं नाही, काहीही वेडाचं नाही, आणि काहीही बाहेरचं लागलेलं नाही.

काही गोष्टी घरी करता येतात. वाफा येत असतील तर सुती लुगडं-साडी, संध्याकाळनंतर चहा कमी, फार तिखट कमी, पाणी भरपूर. मिश्री आणि तंबाखू सोडायचा प्रयत्न करा. लघवी गळत असेल तर लघवी अडवताना जो भाग आवळतो, तो दिवसातून तीन वेळा, दहा-दहा दा आवळून सोडायचा. दोन-तीन महिने नेमानं केलं तर फरक पडतो. हाडांसाठी दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला. अंगातल्या जोरासाठी डाळी, हरभरा, शेंगदाणे, आपल्या लातूरचं सोयाबीन, जमेल तिला अंडी. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या, आणि जेवणाबरोबर लिंबू. आपण शेतात राबतो, पण घरीच बसणाऱ्या बहिणींनी रोज चालायला जावं. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, पाळी मागंपुढं होत असली तरी दिवस जाऊ शकतात. ऑपरेशन झालेलं नसेल तर काळजी घ्या. नेहमीची पाळी चुकली तर आधी तपासून घ्या.

पण सगळंच वयाचं म्हणून अंगावर काढायचं नाही. कपडा किंवा पॅड तासाभरात भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांहून जास्त जात असेल, एकवीस दिवसांच्या आत पुन्हा येत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर दवाखान्यात जायचंच. आणि सलग वर्षभर पाळी नव्हती, ती गेली असं धरलं, आणि मग एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी थांबायचं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवायचं. कॅन्सरची भीती दाखवून पिशवी काढणं वेगळं, आणि कॅन्सर आहे का हे वेळेत तपासून बघणं वेगळं.

दवाखान्यात काय होतं? रक्तातलं हिमोग्लोबिन तपासतात, थायरॉईड तपासतात, सोनोग्राफी करतात, पिशवीच्या तोंडाची तपासणी करतात, गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. जास्त जाणं कमी करायला गोळ्या असतात, काही पाळीच्या दिवसांपुरत्याच घ्यायच्या. हार्मोनच्या गोळ्या असतात. तांबीसारखी, पण हार्मोन असलेली एक वस्तू पिशवीत बसवतात, तिनं रक्त कमी होतं आणि ती काही वर्षं चालते. पिशवीत लहान गाठी असतील तर पाळी गेल्यावर त्या बहुधा आपोआप आकसतात. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, अंग बाहेर येत असेल, कुठल्याच औषधानं रक्त थांबत नसेल, तर पिशवी काढावी लागते. तेव्हा ती काढणं योग्यच असतं. घाबरून ते टाळायचं नाही. पण ती शेवटची पायरी आहे. पहिली नाही.

कारण पिशवी काढल्यावर पाळीची कटकट जाते, पण पाळी जाण्याचे त्रास लवकर दारात येतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. जे पाच वर्षांत सावकाश व्हायचं, ते एका रात्रीत होतं. वाफा, सांधेदुखी, आणि पुढं हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचा काळ काही वर्षं अलीकडं येऊ शकतो. ज्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, त्या बहिणींनी घाबरू नये. घरातला डिस्चार्ज कार्ड काढून डॉक्टरला दाखवावा, अंडाशयं ठेवली की काढली ते विचारावं. चाळिशीच्या आत काढली असतील तर हाडांसाठी आणि हृदयासाठी काय करायचं, हार्मोन चालतील का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शेवटी आपल्या गटाबद्दल. आपल्या कर्ज वाटपाच्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात बी-बियाणं असतं, शेळी असते, शाळेची फी असते. आणि 'दवाखाना' असतो. तो एका शब्दाचा रकाना म्हणजे आपल्या गावातल्या बायांच्या आरोग्याचा इतिहासच आहे, फक्त त्यात कुणी दोन ओळी जास्त लिहिल्या नाहीत. पिशवीच्या ऑपरेशनसाठी कुणी कर्ज मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. तो तिचा हक्क आहे. पण गटातली एखादी जाणती बाई तिच्याजवळ बसून पाच गोष्टी विचारू शकते. तुझं वय काय? सोनोग्राफीचा कागद आणि रक्ताचा रिपोर्ट आहे का? आधी औषध घेऊन बघितलं का, किती महिने? दुसऱ्या डॉक्टरला, सरकारी दवाखान्यात दाखवलं का? आणि अंडाशयं ठेवणार की काढणार, हे डॉक्टरला विचारलंस का? यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर तिच्याबरोबर कुणीतरी सरकारी दवाखान्यात जावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गाडीभाडं लागलं तर ते गटानं द्यावं. ऑपरेशनच्या कर्जापेक्षा ते कमीच असतं.

आणि महिन्याच्या बैठकीत एकदा तरी हा विषय काढा. पाळी जाण्याच्या काळातून गेलेल्या बाया प्रत्येक गटात आहेत. त्यांना विचारा, काकू, तुम्हाला किती वर्षं त्रास झाला? तुम्ही काय केलं? त्या आधी हसतील, मग सांगतील. गडचिरोलीत डॉक्टरांनी जे विचारलं, ते आपण आपल्याच ओसरीवर विचारू शकतो. ऊसतोडीला निघायच्या आधी, दसऱ्याच्या आत, ही एक बैठक झाली पाहिजे. गाड्या भरल्यावर मग कुणाकडं वेळ नसतो.